काळी चारमध्ये गुणगुणणारा फॅन

माझा षड्ज, म्हणजे गाताना धरते तो 'सा', हार्मोनियमची काळी चार. त्या पट्टीची सेकंदाला साधारण २०८ कंपनं होतात. हा आकडा मला पूर्वी ठाऊक नव्हता. तो मला कॉम्प्युटरच्या फॅनमुळं कळला.

बेळगावच्या शहापूर भागात आमच्या माडीवर मी गाण्याची शिकवणी घेते. निम्म्या मुली समोर बसतात, उरलेल्या निपाणी, खानापूर, चिकोडीकडच्या, त्या ऑनलाइन शिकतात. गेल्या पावसाळ्यात निपाणीची एक मुलगी यमनचा आलाप ऐकता ऐकता थांबली आणि म्हणाली, "टीचर, आज तानपुऱ्याला एक तार जास्ती आहे काय?" मी तानपुरा बंद केला. ती तार वाजतच होती, आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधून, म्हणजे त्याच्या पत्र्याच्या डब्यातून, वाजत होती. कधी षड्जाच्या खाली घसरायची, कधी वर चढायची, मध्येच नेमकी षड्जावर येऊन बसायची. नुसता मोठा आवाज असेल तर त्याच्यावरून गाता येतं. पण आपल्या सुराच्या अवतीभवती हिंदकळणारा आवाज शिकणाऱ्या मुलीचा कान बिघडवतो. त्यामुळं ही गोष्ट मला सोडून देता येईना.

पुढचे दोन महिने मी शांत फॅनच्या शोधात होते. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांना, रात्री उशिरापर्यंत अभ्यास करणाऱ्यांना, तान्ह्या बाळाच्या खोलीतच काम करावं लागणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून जे कळलं ते सगळं लिहिते.

आधी ऐका

माझे बाबा वडगावात यंत्रमाग चालवायचे. चार माग एकदम चालू असताना कुठल्या मागाचं बेअरिंग कुरकुरतंय हे ते दारातून सांगायचे, आणि खात्री करायची असली की लाकडी काठीचं एक टोक मशीनला नि दुसरं कानाला लावायचे. माझा दादा उद्यमबागेत लेथवर काम करतो, तोही लांब स्क्रू ड्रायव्हर असाच कानाला लावतो. मी त्याला "कुठला फॅन घेऊ?" असं विचारलं तर तो म्हणाला, "अगं, आधी ऐक की! आवाज कुठनं येतोय ते कळल्याबिगर पैसे कशाला घालतेस?"

त्याचं ऐकलं ते बरं झालं, कारण मी मागच्या बाजूचा फॅन बदलायला निघाले होते आणि दोष भलतीकडं होता.

कॅबिनेटची बाजूची पत्री काढा. वेणी, ओढणी, पदर आधी आवरून घ्या. मग कॅलेंडरच्या जाड पुठ्ठ्याची नळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक एकेका फॅनपाशी न्या. खोलीतला छताचा पंखा बंद ठेवा. शक्यतो रात्री दहानंतर, रस्ता शांत झाल्यावर करा. तरीही नक्की कळलं नाही तर फॅनच्या मधल्या, फिरणाऱ्या गोल भागावर बोट हलकेच टेकवून दोन-तीन सेकंद तो थांबवा. पात्यांना बोट लावायचं नाही. ज्या फॅनला थांबवल्यावर त्रासाचा आवाज बंद पडतो तो आपला गुन्हेगार. प्रोसेसरवरचा फॅन याहून जास्त वेळ थांबवू नका.

सगळे फॅन थांबवून पाहिले तरी आवाज राहिला, तर तो बहुधा हार्ड डिस्कचा किंवा कॉइलचा, म्हणजे सर्किटमधल्या तारेच्या वेटोळ्याचा असतो. कॉइलचा आवाज अगदी बारीक, किणकिणता असतो आणि स्क्रीनवर काही सरकवलं की बदलतो. फॅन कितीही चांगला आणला तरी तो जाणार नाही. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची जुनी हार्ड डिस्क घुमत असेल तर तिच्या जागी एसएसडी घालणं हाच उपाय. एसएसडीत फिरणारं काही नसतंच.

सूर मोजा

गाणाऱ्यांना हा भाग सोपा आहे, पण ज्यांना गाणं येत नाही त्यांनीही करावा. मोबाइलवर ट्यूनरचं कुठलंही फुकट अॅप घ्या आणि फॅनजवळ धरा. फॅनचा सूर ठरतो तो असा: मिनिटाच्या फेऱ्यांना ६० नं भागायचं आणि पात्यांच्या संख्येनं गुणायचं.

माझ्या प्रोसेसरवरच्या फॅनला सात पाती. कॉम्प्युटर सांगत होता १७८० फेऱ्या. १७८० भागिले ६०, गुणिले ७, म्हणजे २०७.७. माझी काळी चार! आणि प्रोसेसर जरा तापला की तो १८५० वर जायचा, तिथं २१६ कंपनं. निवला की १७०० वर, तिथं १९८. मुलगी म्हणत होती ती तार हीच. हे गणित जुळलं त्या रात्री मी दादाला फोन करून उठवलं.

फेऱ्या कळायला बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडायच्या सेटिंगमध्ये जा, तिथं प्रत्येक फॅनसमोर आकडा असतो. विंडोजमध्ये एचडब्ल्यू मॉनिटर किंवा फॅन कंट्रोल यांसारखा फुकट प्रोग्रॅमही दाखवतो.

आवाज तीन जातीचे

पहिला वाऱ्याचा. 'सूं' किंवा 'हूं' असा, फेऱ्या वाढल्या की वाढणारा. दुसरा बेअरिंगचा. खरखर, टकटक, सुरू करताना घरघर आणि मग कमी होणारी कुरकुर. तिसरा थरथरीचा. यात दोष पत्र्याचा असतो, फॅन नुसतं निमित्त. कॅबिनेटवर तळहात दाबला की हा आवाज बंद होतो.

तिसऱ्याला नवीन फॅन लागत नाही. स्क्रू आवळा, कॅबिनेटखाली जाड सतरंजीची घडी किंवा रबराची चकती ठेवा, फॅन आणि पत्र्याच्या मध्ये रबरी वायसर घाला. चांगल्या फॅनबरोबर स्क्रूऐवजी वापरायच्या सिलिकॉनच्या ताणपिना मिळतात, त्या तर फारच गुणाच्या. कॅबिनेट लाकडी टेबलावर ठेवलं असेल तर जमिनीवर उतरवून बघा. टेबलाची फळी तबल्याच्या पुडीसारखी घुमते. (जमिनीवर धूळ जास्त जाते, म्हणून मी चार इंच उंचीच्या पाटावर ठेवलंय.)

दुसऱ्या जातीचा, म्हणजे बेअरिंगचा आवाज असेल तर फॅन बदलायचाच. तोवरची सोय म्हणून तेल घालता येतं. साध्या फॅनचा मागचा स्टिकर अर्धा उचलला की खाली बहुधा रबरी बूच असतं, ते काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडायचा. खोबरेल तेल कधीही घालू नका. आमच्या ओळखीच्या एका मुलानं घातलं होतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि बेळगावची डिसेंबरातली सकाळ त्याहून पुष्कळ थंड असते. फॅन सुरूच होईना. शिलाईचं तेल घातलेला फॅन काही आठवडे, काही महिने काढतो, पण तो परत कुरकुरणारच, हे धरून चला.

पहिल्या जातीचा, म्हणजे वाऱ्याचा आवाज, यासाठीच खरी निवड करावी लागते.

मोठा आणि संथ

सगळ्या खटाटोपातून मला एकच गोष्ट पक्की कळली ती ही, की शांतपणा खोक्यावरच्या नावात नसतो, फेऱ्यांमध्ये असतो. फॅनचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. आणि सारखे दोन फॅन शेजारी लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. आता हे दोन्ही एकत्र ठेवून बघा. एका पळणाऱ्या फॅनच्या जागी अर्ध्या वेगाचे दोन लावले तर हवा जवळजवळ तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलनं कमी. आपल्या कानाला १० डेसिबल म्हणजे साधारण निम्मा आवाज, त्यामुळं हा फरक लहान नाही.

तसंच आकाराचं. १२० मिलिमीटरच्या फॅनचं क्षेत्रफळ ८० मिलिमीटरच्या सव्वादोन पट. तेवढीच हवा तो पुष्कळ कमी फेऱ्यांत ढकलतो, आणि त्याचा सूरही खर्जात जातो, कानाला टोचत नाही. म्हणून जिथं मोठा बसत असेल तिथं लहान घेऊ नका.

माप घेताना फॅनच्या चौकटीची एक बाजू मोजायची, पात्यांचा व्यास नाही. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजलं की खात्री होते: ८० च्या फॅनला ७१.५ मिलिमीटर, ९२ ला ८२.५, १२० ला १०५, १४० ला १२४.५, आणि बारक्या ४० च्या फॅनला ३२. मी पट्टी न लावता नुसत्या अंदाजानं ९२ चा मागवला होता, आणि भोकं ८० ची निघाली. जाडीही मोजा. बहुतेक फॅन २५ मिलिमीटर जाड असतात, पण अरुंद कॅबिनेटमध्ये १५ चा लागतो.

वायर आणि स्टिकर

दोन वायर असतील तर फक्त वीज. तीन असतील तर तिसरी फेऱ्या मोजून सांगते. चार असतील तर चौथीतून मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, वेग ठरवतो, याला पीडब्ल्यूएम म्हणतात. शांत फॅन हवा असेल तर चार वायरचा घ्या, कारण तो खूप खालच्या वेगावर नीट चालतो. तीन पिनांचा फॅन मदरबोर्डच्या चार पिनांवर बसतो आणि चालतो. मात्र बायोसमध्ये त्या जागेपुढं 'डीसी' निवडायला विसरू नका, नाहीतर तो कायम पूर्ण वेगानं पळेल. तुमच्या फॅनचं हेच झालं असेल तर नवीन घेण्याची गरजच नाही, सेटिंग बदला.

एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, येणाऱ्या जाड चार पिनांच्या प्लगला, ज्यात पिवळी, लाल आणि दोन काळ्या वायर असतात, फॅन जोडला तर त्याला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात आणि वेग आवरता येत नाही. पुष्कळ दुकानांत कॅबिनेट असेंबल करताना घाईत असंच जोडून देतात.

आणखी एक. बिनब्रँडच्या फॅनवर फेऱ्या किंवा डेसिबल लिहिलेले नसतात, पण अँपिअर लिहिलेले असतात. एकाच आकाराचे दोन फॅन समोर असतील आणि एकावर ०.१२ नि दुसऱ्यावर ०.३५ अँपिअर असेल, तर दुसरा जोरकस आणि बहुधा मोठ्या आवाजाचा. दुकानात उभ्या उभ्या निवडायला ही खूण उपयोगी पडते. मदरबोर्डच्या एका जागेवर साधारण १ अँपिअरपर्यंतचा भार चालतो, तेव्हा वाय आकाराची वायर लावून दोन फॅन जोडताना बेरीज करून घ्या.

बेअरिंग कुठलं

स्लीव्ह बेअरिंग म्हणजे दादाच्या भाषेत बुश. दांडा पितळी नळीत फिरतो, मध्ये तेल. नवा असताना हा शांत असतो, आणि स्वस्तही. पण उष्णतेनं तेल उडतं, आणि फॅन आडवा, तोंड वर किंवा खाली करून लावला तर तो लवकर झिजतो. उभा लावायचा असेल आणि दोन-तीन वर्षांनी बदलायची तयारी असेल तर चालेल.

बॉल बेअरिंग टिकतं, आडवं-उभं कसंही चालतं, उष्णता सोसतं. पण संथ फिरतानाही त्यातून एक बारीक सळसळ येते, आणि जाताना ते खूप आवाज करत जातं.

फ्लुइड डायनॅमिक किंवा हायड्रोडायनॅमिक असं लिहिलेलं असेल तर त्यात तेलाचा पडदा खाचांमधून दाबाखाली टिकवलेला असतो, दांडा जणू तेलावर तरंगतो. शांतही आणि टिकाऊही. गाणं, रेकॉर्डिंग असल्या कामाला मी हेच घ्यायला सांगेन. खोक्यावर नुसतं 'सायलेंट' लिहिलंय आणि बेअरिंगबद्दल अवाक्षर नाही, असा फॅन घेऊ नका. मी घेतलेला पहिला फॅन असाच होता, दिवाळीपर्यंत खरखरायला लागला.

डेसिबलचे आकडे वाचताना एवढं लक्षात ठेवा, की प्रत्येक कंपनी आपल्या खोलीत आपल्या पद्धतीनं मोजते. एकाच कंपनीच्या दोन फॅनची तुलना त्या आकड्यांवरून करता येते. दोन कंपन्यांची करायची तर पूर्ण वेगाच्या फेऱ्या बघा. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा तपकिरी-बिस्किटी रंगाचा एनएफ-ए१२एक्स२५ हा १२० मिलिमीटरचा फॅन २००० फेऱ्यांना २२.६ डेसिबल सांगतो, त्याला सहा वर्षांची वॉरंटी आहे, आणि तो महाग आहे. आर्क्टिकचा पी१२ त्याच्यापेक्षा बराच स्वस्त, वरचा वेग १८०० आणि पाती पाच. मी पी१२ घेतला, आणि कारण पैसे नव्हे, पाती. पाच पाती, ७५० फेऱ्या, म्हणजे ६२.५ कंपनं. माझ्या माइकला ८० च्या खालचं सगळं गाळणारं बटण आहे. नऊ पात्यांचा फॅन ७०० फेऱ्यांना १०५ वर येतो, आणि माझा खर्जाचा षड्ज १०४ चा! ज्यांना गायचं नाही त्यांनी हा हिशोब सोडून द्यावा. त्यांना नऊ पात्यांचा मऊ आवाज कदाचित जास्त आवडेल.

कुठं मिळेल

बेळगावच्या दुकानांत साधे ८० आणि १२० चे फॅन सहज मिळतात. बरेचसे दिव्यांचे असतात, ज्यांना रंगीत उजेड हवा त्यांच्यासाठी. नावाजलेले शांत फॅन दुकानात ठेवलेले क्वचित दिसतात, पण सांगितलं तर मागवून देतात, आणि त्यात एक फायदा असतो: बिघडला तर परत देता येतो. दुकानदाराला "सायलेंट फॅन द्या" असं म्हणू नका. "१२० चा, चार पिनांचा, फ्लुइड बेअरिंग, १८०० च्या आतला" असं कागदावर लिहून न्या. मी तसं लिहून नेलं तेव्हा काउंटरवरच्या मुलानं मला बसायला खुर्ची दिली आणि आत जाऊन दोन खोकी शोधून आणली.

कोणी बेंगळुरूला निघालं असेल तर एस. पी. रोड, मुंबईला असेल तर लॅमिंग्टन रोड. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री बसलं की सकाळी बेंगळुरू, त्यामुळं आमच्या गल्लीतून कोणी ना कोणी जातच असतं. माझे रबरी वायसर आणि वाय वायर अशीच शेजारच्या काकूंच्या मुलानं आणली.

ऑनलाइन घेताना विकणाऱ्याचं नाव बघा, कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत ते आहे का ते तपासा. मी एकदा अर्ध्या किमतीला मिळतोय म्हणून घेतला. खोकं हुबेहूब, पण वजनाला हलका, वायर पातळ आणि स्टिकरवर अक्षरं पुसट. परत पाठवला. आल्या आल्या बोटानं फिरवून बघा: चांगला फॅन बोट काढल्यावरही काही वेळ गुळगुळीत फिरून सावकाश थांबतो, आणि कानाशी धरला तर काही घासल्यासारखं वाटत नाही.

प्रोसेसरवरचा फॅन

माझा दोष इथंच होता. इंटेलच्या प्रोसेसरबरोबर खोक्यात येणारा गोल कूलर असतो, त्याचा नुसता फॅन बदलणं अवघड, कारण त्याला नेहमीची चौकट नसते. पूर्ण कूलरच बदलायचा. उभ्या बुरुजासारखा, तांब्याच्या नळ्यांचा, ९२ किंवा १२० चा फॅन असलेला कूलर घ्या. दोन गोष्टी आधी मोजा. मदरबोर्डपासून बाजूच्या पत्र्यापर्यंत किती जागा आहे: १२० वाल्या कूलरला बहुधा १५५ ते १६० मिलिमीटर लागतात. आणि सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा: इंटेलचे ११५०, ११५१, ११५५, ११५६ आणि १२०० या सगळ्यांच्या भोकांचं अंतर एकच, ७५ मिलिमीटर, त्यामुळं एकाचा कूलर दुसऱ्याला बसतो. १७०० ला मात्र ७८, त्याची पट्टी वेगळी लागते.

प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते. जुनी पेस्ट स्पिरिटमध्ये भिजवलेल्या सुती कापडानं पूर्ण पुसा, नवी पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. तबल्याचे गठ्ठे ठोकताना जसं एका बाजूनं सगळं ओढत नाही, तसंच.

ज्याला हात लावायचा नाही

एसएमपीएसच्या आत फॅन असतो आणि तोही वाजतो. तो डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब बराच वेळ राहू शकतो. दादा रोज मशीनवर काम करतो, तरी त्यानंही हात लावला नाही. तिथला फॅन वाजत असेल तर पूर्ण एसएमपीएस बदला, १२० च्या फॅनचा आणि गरजेपेक्षा थोडा मोठ्या वॅटचा. कमी भारावर त्याचा फॅन संथ राहतो.

लॅपटॉपचा फॅन बहुधा ५ व्होल्टचा, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. मागचा पूर्ण नंबर फोटो काढून तोच मागवायचा, 'जवळपास तसाच' चालत नाही. ग्राफिक्स कार्डाच्या फॅनचंही तेच, स्टिकरवरचा नंबर आणि वायरच्या टोकाचा आकार दोन्ही जुळले पाहिजेत.

बसवताना

कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. फॅनच्या ज्या बाजूला आडव्या काड्या आणि स्टिकर असतो, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. पुढचा फॅन आत ओढणारा, मागचा बाहेर टाकणारा.

आता जाळीबद्दल, कारण याकडं कोणी लक्ष देत नाही. पत्र्यालाच बारीक भोकं पाडलेली जाळी असेल तर हवा तिथं अडखळते आणि शिट्टी वाजते. चांगला फॅन अशा जाळीला चिकटवून लावला तरी वाजतो. दादानं माझ्या कॅबिनेटची मागची जाळी कापून तिथं तारेची गोल जाळी लावली, नवीन फॅन येण्याआधीच निम्मी शिट्टी गेली. कापायचं नसेल तर फॅन आणि जाळीच्या मध्ये जुन्या फॅनची पाती काढलेली रिकामी चौकट घाला, तेवढ्या अंतरानंही फरक पडतो. कापताना मदरबोर्ड बाहेर काढा, लोखंडाचा कीस आत पडला तर सगळंच जाईल.

वेग बांधणं

नवीन फॅन लावून बायोसमध्ये न जाणं म्हणजे तानपुरा आणून जवारी न लावणं. फॅनच्या वेगाचा आलेख तिथं स्वतः ठरवता येतो. असूसमध्ये क्यू-फॅन, गिगाबाइटमध्ये स्मार्ट फॅन असं नाव असतं. मी ५५ अंशांपर्यंत एकच वेग ठेवलाय, ७५० फेऱ्या, अगदी सरळ रेघ. ७० ला ११००, आणि ८० च्या पुढं पूर्ण. त्याशिवाय वेग वाढायला उशीर लावण्याची एक सोय असते, काही सेकंदांची, ती सगळ्यात जास्तीवर ठेवा. ब्राउझर उघडताना तापमान क्षणभर उसळतं, तेवढ्यासाठी फॅननं धावायला नको. एकसारखा हलका आवाज कान थोड्या वेळात विसरतो, चढउतार मात्र विसरत नाही.

वेग फार खाली नेला तर सुरू होताना 'सीपीयू फॅन एरर' येऊ शकतो. तिथंच खालची मर्यादा कमी करता येते. काही फॅन एखाद्या विशिष्ट वेगावर घुमतात, वर-खाली शंभर फेऱ्या सरकवून शांत जागा शोधा. मी सावकाश ५०-५० नं सरकवत गेले, सूर लावताना जातो तशी.

रेकॉर्डिंगच्या वेळेपुरतं आणखी एक. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुतेक इंटेल प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे गरजेला वाढणारा जादा वेग, बंद होतो, उष्णता उतरते. शिकवणीला तेवढा वेग पुरतो. माइकची पाठ कॅबिनेटकडं करा, तेही फुकट आहे.

बदल झाल्यावर अर्धा तास नेहमीचं काम चालवून तापमान बघा. माझा प्रोसेसर शिकवणीत ५२ च्या आसपास असतो. ८५ च्या वर जात असेल तर वेग वाढवा, शांततेसाठी मशीन जाळू नका.

धूळ

निपाणीच्या त्या मुलीच्या घराजवळ तंबाखूची वखार आहे, तिच्या फॅनवर तपकिरी, चिकट थर बसतो. खानापूरकडं पावसात सगळं ओलसर, तिथं पात्यांवर ओल्या धुळीची पुटं चढतात आणि फॅन एका बाजूला जड होऊन थरथरतो. वडगावात अजून माग चालणाऱ्या घरांतून धाग्याची लव उडते, ती थेट हीटसिंकच्या, म्हणजे कूलरमधल्या धातूच्या पत्र्यांच्या, फटींत. या तिन्ही ठिकाणी चांगला फॅनही वर्षात वाजायला लागेल. मऊ ब्रशनं झाडा, पाती धरून ठेवा. ब्लोअर मारताना फॅन मोकळा सोडला तर तो भलत्या वेगानं फिरतो आणि बेअरिंग जातं.

बाबा खंडेनवमीला माग पुसून, तेलपाणी करून त्याला हळदकुंकू वाहायचे. त्याच दिवशी मी कॅबिनेट उघडते, आणि पुन्हा एकदा पाडव्याला. बाजूच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला मार्करनं तारीख, तिन्ही फॅनच्या फेऱ्या आणि त्यांचा सूर लिहून ठेवलाय. मागच्या पाडव्याची ओळ अशी आहे: पुढचा ७५०, मागचा ७५०, प्रोसेसर ७९०, तिघंही काळी चारच्या खूप खाली.